माल येईल की येतोय?

इंग्रजीचा भविष्यकाळ म्हटला की आपण ‘विल’ लावतो आणि मोकळे होतो. माझ्या मते ही सवय सोडायला हवी. त्यासाठी लागणारा कान आपल्याला मराठीने आधीच दिलेला आहे.

माझे घर रायपूरला, पंडरीत. तिथल्या कापड मार्केटमध्ये बाबांचे दुकान आहे. सुरतचा व्यापारी फोनवर नुसता ‘बघतो’ म्हणाला, तर बाबा घरी सांगतात, “माल येईल.” ऑर्डर पक्की केली की, “माल येणार आहे.” आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी हातात पडली की, “माल सोमवारी येतोय.” एवढ्यावरून दादाला कळते, गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा की नाही.

इंग्रजीचेही बरेचसे असेच आहे. नुसता अंदाज असेल किंवा बोलता बोलता काही ठरवले, तर ‘विल’. आधीच मनाशी ठरवलेले असेल, तर ‘गोइंग टू’. दिवस, तिकीट सगळे ठरलेले असेल, तर ‘आय ॲम गोइंग होम ऑन संडे’. वेळापत्रकातली गोष्ट असेल, तर ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’. आपणही ‘गाडी सहाला सुटते’ असेच म्हणतो की!

म्हणून ‘विल’ दुबळा ठरत नाही. वचन द्यायला तोच लागतो, आणि जुन्या थाटात ‘शॅल’. १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर जनरल मॅकआर्थर म्हणाले, ‘आय शॅल रिटर्न’. २० ऑक्टोबर १९४४ रोजी ते लेटे बेटावर उतरले, तेव्हा तो शब्द खरा झाला.

मागच्या वर्षी सराव मुलाखतीत मला पुढचा बेत विचारला. मी ऐटीत म्हणालो, ‘आय विल जॉइन द आर्मी’. सरांनी विचारले, “त्यासाठी आतापर्यंत काय केलेस?” मी गप्प. ना अभ्यासाचे वेळापत्रक, ना रोजचे धावणे. व्याकरण बरोबर होते, पण माझ्याकडे बिल्टी नव्हती.

त्या दिवसापासून मी वाक्य बोलण्याआधी स्वतःला विचारतो: हा अंदाज आहे, बेत आहे, की तयारी झाली आहे? उत्तर मिळाले की क्रियापद आपोआप सापडते. यंदा एनडीएचा अर्ज भरला आहे आणि पहाटे पाचला मैदानावर असतो. आता कोणी विचारले, तर ‘आय ॲम टेकिंग द एनडीए एक्झाम धिस इयर’ असे सांगताना जीभ अडखळत नाही.