कार्ड मिळाले, पण दर कोण ठरवणार?

फुले-आंबेडकर जयंतीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांत आरोग्य कार्डांची शिबिरे भरतात. बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरात कार्यकर्ते लोकांची आधार आणि रेशनकार्डे घेऊन दिवसभर बसतात. हे काम गरजेचेच आहे. पण कार्ड आले म्हणजे उपचार स्वस्त झाले, हा समज आम्हाला मान्य नाही.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दीड लाखांचे संरक्षण आता पाच लाखांचे झाले आणि २०२३ च्या शासन निर्णयाने ते राज्यातील सर्व कुटुंबांना खुले झाले. योजनेत उपचाराचा दर सरकार ठरवते. पण तो दर यादीतल्या रुग्णालयाला, यादीतल्या आजारापुरताच बांधतो. शेजारच्या खाटेवर रोख पैसे भरणाऱ्याला तो लागू नाही. मग कमी दराचा रुग्ण कोणाला हवा? "योजनेची खाट शिल्लक नाही", "हे पॅकेजमध्ये बसत नाही", ही उत्तरे आम्ही वस्तीतल्या कुटुंबांकडून वारंवार ऐकतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च तर खिशातूनच होतो.

रुग्णालये म्हणतात, पॅकेजचे दर परवडत नाहीत. ठीक आहे, खर्चाचा हिशेब उघड मांडा आणि त्यावर दर ठरवा. पण दर बांधताच येत नाहीत, हे खोटे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात याच महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांना दर लावले: साधी खाट दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता ९,००० रुपये. साथ ओसरली आणि इच्छाशक्तीही ओसरली.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. बिबवेवाडीतले ईएसआय रुग्णालय त्याच वाटेवरचे आहे. इथे विमा म्हणजे नुसते बिल भरणे नाही, तर स्वतःचे दवाखाने आणि स्वतःचे डॉक्टर. पण महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगारालाच तिथे दार उघडे आहे. धुणीभांडी करणारी आपली बाई बाहेरच राहते. सरकारी रुग्णालय दुबळे राहिले, तर विम्याचा पैसा खासगीकडेच वाहणार आणि भावही तेच ठरवणार.

म्हणून मित्रांनो, कार्ड काढून देण्यावर थांबू नका. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलीच पाहिजे. आपल्या भागात ती लावली आहे का, ते तपासा. नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. सर्व रुग्णांना लागू होणाऱ्या दरनियंत्रणाच्या कायद्याची मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा. कार्ड ही सवलत आहे. आपल्याला हक्क हवा आहे.

जय भीम!