चार्ज कपाटाचा, की रुग्णांचा?

कंत्राट संपलेल्या माणसाने जाताना मागून येणाऱ्याला काम नीट समजावून द्यावे, असे म्हटले की दोन्हीकडून हरकत येते. जाणारा म्हणतो, ‘मला काढताना कुणी विचारले होते? आता त्यांची सोय मी का पाहू?’ कार्यालय म्हणते, ‘सगळे पोर्टलवर आहे, वेगळे समजावायचे काय?’ एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एवढ्या एका मुद्द्यावर एकमत आहेत. आणि दोघेही चुकत आहेत.

तालुक्याच्या क्षयरोग पथकातला उपचार पर्यवेक्षक घ्या. आरोग्य खात्यात त्याला सगळे ‘एसटीएस’ म्हणतात. नेमणूक बहुधा कंत्राटी: ११ महिन्यांचा आदेश, मग तांत्रिक खंड, मग जमले तर नवा आदेश. काम मात्र पायाला भिंगरी लावून करायचे. रुग्णाच्या घरी जायचे, गोळ्या चालू आहेत का ते पाहायचे, थुंकीची फेरतपासणी वेळेवर करवून घ्यायची, घरातल्या इतरांना तपासणीला आणायचे आणि ‘निक्षय’ या पोर्टलवर नोंदी करायच्या.

हा माणूस जातो तेव्हा यादी होते. टॅब एक, दुचाकीची कागदपत्रे, कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरे, शिक्का. खाली ‘वरीलप्रमाणे चार्ज दिला’, ‘वरीलप्रमाणे चार्ज घेतला’, दोन सह्या. घेणाराही पुष्कळदा नवा माणूस नसतो. नेमणूक रखडलेली असते, म्हणून शेजारच्या पथकातल्या कुणाकडे अतिरिक्त कार्यभार दिलेला असतो. पुढे तो नव्याला चार्ज देतो तेव्हा किल्ल्या पोहोचतात. रुग्णांची जी माहिती मुळात त्यालाच मिळालेली नाही, ती कुठून पोहोचणार?

‘पोर्टलवर सगळे आहे’ हा दावा अर्धा खरा आहे. ‘निक्षय’ २०१२ पासून आहे आणि उपयोगी आहे. निदानाची तारीख, तपासण्या, औषधे, पोषणाचे दरमहा १००० रुपये जमा व्हायचे ते बँक खाते, हे तिथे सापडते. पण नोंदवलेला फोन शेजारच्या किराणा दुकानाचा आहे, हे तिथे सापडत नाही. अमुक नवविवाहितेने सासरी आजार सांगितलेला नाही, तिच्या दारात सरकारी दुचाकी उभी करायची नाही, हे तर तिथे लिहूही नये. तमुक रुग्ण दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार आहे आणि मुकादमाच्या फोनवाचून तो सापडणार नाही, हे फक्त त्याच्या घरी बसून चहा घेतलेल्याला ठाऊक असते.

वेळेचे गणितही पाहा. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि ‘आता कशाला गोळ्या?’ हा प्रश्न रुग्णाच्या मनात येतो. त्याच वेळी ओळखीचा माणूस यायचा थांबला, तर गोळ्याही थांबतात. सलग महिनाभर खंड पडला की पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण अशी त्याची नोंद होते. आदेश कोणत्याही महिन्यात संपो, त्या दिवशी काही रुग्ण उपचाराच्या मध्यावर असणारच. म्हणजे ही अडचण अपवादाने येणारी नाही, दर बदलाला येणारी आहे.

कार्यालयाची दुसरी सबब पैशाची. एका पदावर आठवडाभर दोन माणसांचे मानधन दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल म्हणे. आक्षेप टाळायचा तर आदेशातच तशी तरतूद करावी. उपचार अर्धवट सुटल्यावर औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, तर त्याची औषधे आणि तपासण्या आठवड्याच्या मानधनापेक्षा कितीतरी महाग पडतात. शिवाय मधल्या काळात तो आजार दुसऱ्यांना लागतो.

आता जाणाऱ्याकडे वळू. त्याचा राग खोटा नाही. वर्षानुवर्षे राबवून एका कागदावर निरोप द्यायचा, ही ‘गरज सरो वैद्य मरो’चीच रीत आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब इथे लागू पडत नाही. नवा आदेश मंजूर पदे आणि निधी पाहून वरच्या पातळीवर निघतो. कोणत्या वाडीतला रुग्ण कुणाला ओळखतो, हे तिथे कुणी विचारत नाही. कंत्राटी सेवेतून कायम पदावर आपोआप हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या उमादेवी खटल्यात सांगितले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. भांडायला आधार तिथे आहे. माहिती मुठीत ठेवल्याने कार्यालयाचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्या नवविवाहितेचे.

तिसरा पक्ष उपदेशकांचा. ‘सेवाभाव म्हणून करा’ हे सांगायला त्यांना काही मोजावे लागत नाही. आदेश संपल्यावरही महिनोन्महिने नव्या माणसाचे फोन घ्यायचे आणि तेही फुकट, याला सेवा म्हणणे म्हणजे वेठबिगारीला गोंडस नाव देणे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. काम सोपवणे हेही काम आहे. त्याला दिवस हवेत आणि त्या दिवसांचे पैसे हवेत. जुना आणि नवा यांचा किमान एक आठवडा एकत्र असावा, दोघांनाही मानधन मिळावे. त्या आठवड्यात दोघांनी मिळून घरी जावे: आधी पहिल्या दोन महिन्यांतले रुग्ण, मग स्थलांतर करणारे, मग ज्यांच्या गोळ्या एकदा तरी सुटल्या आहेत ते. ‘उद्यापासून हे येतील’ हे रुग्णाने जुन्याच्या तोंडून ऐकावे. नाजूक माहिती तोंडी किंवा बंद पाकिटातून द्यावी, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कदापि नाही. चार्जच्या यादीत किल्ल्यांबरोबर चालू रुग्णांची नावे असावीत, आणि प्रत्येक नावापुढे देणारा, घेणारा आणि वैद्यकीय अधिकारी अशा तिघांच्या सह्या. त्याच टेबलावर, त्याच दिवशी, जाणाऱ्याला अनुभव प्रमाणपत्र आणि थकलेला प्रवासभत्ता मिळावा.

एवढे दिल्यावर जाणाऱ्याने हातचे राखून ठेवले, तर त्याला जाब जरूर विचारावा. ही तरतूद आदेशात नसेल, तर रुग्ण सुटल्याचा पहिला खुलासा आदेश काढणाऱ्याकडून घ्यावा.