उलट टाक्याची बाजू

विणकाम मला येत नाही; मी बँकेत कारकून आहे. पण आमच्या घरी थंडीच्या आधी लोकरीचे गुंडे येतात, त्यामुळे 'एक सुलट, एक उलट' हा जप मी लग्नापासून ऐकत आलो आहे. एवढ्या वर्षांच्या श्रवणभक्तीनंतर माझी ठाम तक्रार अशी, की या जपातल्या दुसऱ्या टाक्यावर मराठी भाषेने घोर अन्याय केला आहे.

'उलट' म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. पोरगं उलट उत्तर देतं, सून उलट बोलते, सावकार उलट्या काळजाचा असतो आणि भुताची पावलंसुद्धा उलटीच! अशा पंगतीत बिचारा टाका नेऊन बसवल्यावर त्याला कोण विचारणार?

वास्तविक त्याचा गुन्हा काय? सुलट टाका घालताना दोरा मागे असतो, उलट घालताना पुढे. सुलट टाका मागून पाहा, तो उलट दिसतो. उलट टाका मागून पाहा, तो सुलट. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे चटकन कळतं. तुमच्या पासबुकातली जमा म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं देणं. रक्कम तीच, तुम्ही काउंटरच्या कोणत्या बाजूला उभे आहात, एवढाच प्रश्न.

बरं, नुसतं सुलटच विणावं म्हणता? विणा. दोन सुयांवर प्रत्येक ओळ सुलट घातलीत, तर दोन्ही अंगांनी सारख्याच खडबडीत वळ्या उठतील. शेजारणी ज्यावरून कौतुकाने हात फिरवतात, ती गुळगुळीत वीण एक ओळ सुलट आणि पुढची उलट घातल्यावरच मिळते. तिच्याही कडा गुंडाळतात. म्हणून मनगट, गळा, कंबर, जिथे स्वेटर ताणून पुन्हा जागेवर यायला हवा, तिथे एकाच ओळीत सुलटाशेजारी उलट बसवावा लागतो. पुढच्या ओळीतही सुलटावर सुलट, उलटावर उलट. दोघांची जोडी जमली तरच पट्टी ताणते आणि आवळतेही.

घराचं आणि ऑफिसचं वेगळं काय असतं? साहेबांच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणणाऱ्यांनी भरलेली शाखा मी पाहिली आहे. दिसायला गुळगुळीत, पण ताण आला की कडेने गुंडाळलीच.

तेव्हा सून उलट बोलते, अशी तक्रार ज्यांची असेल त्यांनी आधी आपल्या स्वेटरचं मनगट ओढून सोडावं. ते जागेवर आलं, तर त्यातले निम्मे टाके उलट आहेत.