'मावशी' म्हणायचे आणि वेतन नाकारायचे!

खेड्यापाड्यातल्या अनुदानित वसतिगृहाची आपल्या समाजात दोनच वेळा चर्चा होते. एकदा तिथे राहिलेला एखादा मुलगा मोठा अधिकारी झाला म्हणजे, आणि दुसऱ्यांदा जेवणातून विषबाधा झाली म्हणजे. पहिल्या वेळी हार संस्थाचालकाच्या गळ्यात पडतो, दुसऱ्या वेळी बोट स्वयंपाकिणीकडे दाखवले जाते. एरवी वर्षभर हे वसतिगृह चालवते कोण, याची चौकशी करायला ना शासनाला सवड आहे, ना आपल्या पुढाऱ्यांना.

अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार. बहुतेक ठिकाणी एवढाच कर्मचारीवर्ग. पहाटे पाचच्या आत स्वयंपाकघरातला दिवा लागतो. चाळीस-पन्नास पोरांच्या भाकरी थापायच्या म्हणजे किती पीठ मळावे लागते, हे ज्याने मळले त्यालाच ठाऊक. मदतनीस हापशावरून पाणी ओढतो. एप्रिल उजाडला की हापसा आटतो आणि टँकरची वाट पाहावी लागते. चौकीदाराची पाळी कागदावर रात्रीची असते; पण रात्र जागून काढलेला हाच माणूस सकाळी लहान पोरांच्या अंघोळी उरकतो आणि बाजारातून भाजीची पिशवी सायकलला अडकवून आणतो. अधीक्षकाकडे हजेरीपट, साठा नोंदवही, पावत्या, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांची सरबराई. शिवाय पोरांचे पाढे आणि पोरांची भांडणे.

कामाच्या या वाटणीपलीकडे एक दुसरी वाटणी आहे. ती कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही, या माणसांनीच ती आपसात बसवली आहे. स्वयंपाकीण तापाने पडली तर अधीक्षक स्वतः परातीपाशी बसतो, मदतनीस भाजी चिरतो, चौकीदार चूल सांभाळतो. त्या दिवशीच्या भाकरी जाड होतात, पोरे हसतात आणि खातात. रात्री एखादे पोर तापाने फणफणले की अधीक्षक मोटारसायकल काढतो, चौकीदार पोराला मधे धरून मागे बसतो, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून परत येईपर्यंत मावशी फाटकापाशी जागी असते. दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरे घरी जातात असे शासन समजते. ऊसतोड कामगारांच्या पोरांना कुठले घर? आईबाप फडावर, गावच्या घराला कुलूप. मग चौघांपैकी कोणीतरी एक जण त्या पोरांसाठी मागे राहतो, आणि यंदा कोण राहणार हे दसऱ्यालाच ठरलेले असते.

पोरे झोपली की चौघे ओट्यावर बसतात. दूध संपलेले असते, म्हणून कोरा चहा. कोणाच्या पोरीचे लग्न ठरले, कोणाचे रान पावसाअभावी पडून राहिले, अनुदानाचा हप्ता कोणत्या टेबलावर अडकला, सगळे तिथेच निघते. मानधन चार-चार महिने हाती पडत नाही तेव्हा किराणा दुकानात उधारीची वही एकच असते. नाव अधीक्षकाचे, किराणा चार घरांचा. या चौघांत कोणी बौद्ध असतो, कोणी मातंग, कोणी वडार, कोणी धनगर. सगळे एकाच पंगतीला बसतात. सहभोजनाचे फोटो वर्तमानपत्रात छापून आणणारे आम्ही पुष्कळ पाहिले. इथे ते रोज दोन वेळा घडते आणि फोटो काढायला कोणी नसते.

आमचे म्हणणे असे की या मायेचा शासन आणि संस्थाचालक दोघेही गैरफायदा घेत आहेत. स्वयंपाकीण 'मावशी' झाली, चौकीदार 'मामा' झाला, की त्यांच्या कामाला कामाचे तास राहत नाहीत. मावशी कधी ओव्हरटाइम मागते का? मामा कधी साप्ताहिक सुट्टी घेतो का? पोरांच्या तोंडी ही नाती शोभतात. शासनाच्या तोंडी ती शोभत नाहीत. शासनाच्या दफ्तरी तो कर्मचारी आहे आणि कर्मचाऱ्याला वेतन असते. अनुदानित आश्रमशाळेतल्या स्वयंपाक्याला वेतनश्रेणी मिळते. अनुदानित वसतिगृहातला स्वयंपाकी मात्र वर्षानुवर्षे मानधनावर ठेवला गेला. दोघांच्या भाकरीत असा कोणता फरक आहे, हे कोणीतरी आम्हाला समजावून सांगावे.

वसतिगृह ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढे सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्याच्याही आधी हे बोर्डिंग! धारवाडच्या बोर्डिंगचे अधीक्षक बळवंतराव वराळे यांच्याकडे माता रमाई मुक्कामाला होत्या तेव्हाची गोष्ट आपल्या प्रत्येक जयंतीत सांगितली जाते. अनुदान आले नव्हते, कोठीत धान्य नव्हते, पोरे उपाशी होती. रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. इकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले.

या गोष्टी ऐकताना आपले डोळे पाणावतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या गोष्टीतला एक शब्द आपण नजरेआड करतो: अनुदान आले नव्हते. ते परक्या इंग्रजांचे राज्य होते. आज संविधान आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी अनुच्छेद ४६ ने राज्यावर टाकली आहे. तरीही हप्ता थकतो आणि बांगडी मोडावी लागते. फरक एवढाच, की आता ती बांगडी मावशीची असते आणि तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

'मानधन म्हणजे वेतन नव्हे' हा शासनाचा आवडता युक्तिवाद. आम्ही तो न्यायालयात अनेकदा ऐकला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या मणिबेन भारिया या अंगणवाडी कर्मचारी महिलेच्या प्रकरणात हा युक्तिवाद मोडीत काढला. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना दिले जाणारे मानधन हे वेतनच आहे आणि १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ त्यांना मिळाला पाहिजे, असा तो निकाल. त्याआधी १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली वेठबिगारीच, असे याच न्यायालयाने म्हटले होते. हे निकाल वसतिगृह कर्मचाऱ्यांना आपोआप लागू होतील या भ्रमात कोणी राहू नये. इथे अडचण वेगळी आहे. संस्था म्हणते, पैसे शासन देते, शासनाकडे जा. शासन म्हणते, नेमणूक संस्थेची, संस्थेकडे जा. मालक कोण, इथेच दावा दहा वर्षे घुटमळतो.

आणि संस्था कोणाच्या? सगळ्याच काही मनुवाद्यांच्या नाहीत. बऱ्याच संस्थांच्या पाटीवर फुले, शाहू, आंबेडकर ही नावे आहेत आणि चालक आपल्याच व्यासपीठावर 'जयभीम' करणारे आहेत. मानधनाची सही पूर्ण रकमेवर घेऊन त्यातला हिस्सा परत मागितल्याच्या तक्रारी आमच्याकडे या संस्थांतूनही येतात. यावर बोलले की 'चळवळीची बदनामी होते' म्हणतात. बदनामी बोलण्याने होते की हिस्सा मागण्याने? मावशीच्या मानधनात हात घालणाऱ्याला चौदा एप्रिलच्या मंचावर खुर्ची मिळू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

अशी तक्रार झाली की संस्थाचालक पहिला घाव त्या ओट्यावरच्या बैठकीवर घालतो. चौघांतल्या एकाने अर्ज केला की उरलेल्या तिघांना बोलावून 'ही बाई कामावर येतच नव्हती' असे लिहून मागितले जाते. सही केली तर आपली नोकरी राहते, नाही केली तर जाते. अनेक ठिकाणी सही होते. पोटापुढे माणूस हतबल असतो, आम्ही त्याला दोष देणार नाही. पण सही न करणारेही आहेत. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट संस्थेच्या कपाटात, अशा वेळी वीस-वीस वर्षे राबलेल्या बाईच्या नोकरीचा पुरावा म्हणून उरते ती फक्त रात्रपाळीच्या चौकीदाराची साक्ष: 'पहाटे मी फाटक उघडत होतो, ती रोज येत होती.' उलटतपासणीत तो डगमगला नाही तर प्रकरण उभे राहते.

म्हणून वसतिगृहातल्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे. जून महिन्यात वसतिगृह उघडले की पहिल्याच आठवड्यात चौघांनी मिळून नेमणूकपत्राची मागणी लेखी करा, एकट्याने करू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हजेरीपटाच्या पानाची छायाप्रत दर महिन्याला काढून ठेवा आणि ती वसतिगृहात नव्हे, घरी ठेवा. बँकेचे पासबुक भरून घ्या. संस्थेने छायाप्रत नाकारली तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. एखादी मावशी येत्या दोन-तीन वर्षांत काम थांबवणार असेल तर तिचे कागद सर्वांच्या आधी गोळा करा.