सर्व्हर सगळ्यांचा, पासवर्ड ज्याचा त्याचा

परवा शनिवारी होटगीला घरी गेलो. चुलतभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दारातच म्हणाला, "दादा, प्रोजेक्टला आम्हा पाच जणांत एक सर्व्हर लावून दे की!" जुना पीसी पुसूनपासून तयार. पासवर्डही ठरलेला, पाचही जणांना एकच.

म्हटलं, इथेच थांब.

आमचा प्रोजेक्ट पेन ड्राईव्हवर फिरायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी नव्या फोल्डरवर जुना पेस्ट केला. कुणी, ते आजवर कळलं नाही. कोड रात्रभर जागून परत लिहिला, पण आमच्यातले दोघं त्यानंतर एकमेकांशी धड बोलले नाहीत. एकाच पासवर्डचा सर्व्हर म्हणजे तोच पेन ड्राईव्ह, फक्त वायर लावलेला.

होटगीकराला हे सांगणं सोपं. सोलापूरची लाईन आपल्या जंक्शनला फुटते, एक वाडीकडे, एक विजयपूर-गदगकडे. परत येणारी गाडी मनाला येईल तेव्हा मेन लाईनला घुसत नाही, सिग्नल लागतो. गिटमध्येही तसंच ठेवायचं: ज्याची त्याची ब्रांच, जोडण्याआधी दुसऱ्याची नजर. आणि सर्व्हरवर ज्याचं त्याचं लॉगिन, स्वतःच्या एसएसएच कीने.

आता म्हणाल, गिटहब फुकट असताना हा उद्योग कशाला? बरोबर आहे. एप्रिल २०२० पासून तिथे खाजगी रेपॉझिटरीतही हवे तेवढे जण घेता येतात. नुसता कोड असेल तर तेच वापरा. पण पाच जणांना एकच डेटाबेस आणि एकच चालती साईट हवी असेल, तर सर्व्हर लागतोच.

तो घरात नको मात्र. घरगुती इंटरनेटला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, मग होस्टेलवरच्या मित्राला बाहेरून पोचताच येत नाही. शिवाय लाईट! म्हणून पाच जणांत वर्गणी काढून छोटा व्हीपीएस भाड्याने घेतला. जुना पीसी वाया नाही गेला, तो रोज रात्री डेटाबेसची प्रत ओढून घेतो. गिटमध्ये प्रत्येकाकडे कोडचा पूर्ण इतिहास असतो, डेटाबेसचं तसं नाही. ती प्रत परत चढवून बघितल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नये, हे माझं ठाम मत.

"एवढं कशाला दादा? आम्ही मित्रच आहोत," भाऊ म्हणाला.

म्हणूनच रे बाबा.