फरशीतले तण आणि शीतपेयाची बाटली

पाऊस सरला की अंगणातल्या शहाबादी फरशीच्या दरजांतून हरळी, लव्हाळा, घोळ वर आलेले दिसतात. दिवाळीआधी गवंडी बोलावून दरजा पुन्हा भरून घ्यायच्या असतात. तण राहू दिले तर नवे सिमेंट काही महिन्यांत उचलले जाते, हे खरे. म्हणून कोणी तरी शेतीऔषधांच्या दुकानातून किंवा गावाकडच्या भावाकडून 'थोडेसे' तणनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आणतो. उरलेले मोरीजवळच्या फळीवर ठेवले जाते. घरच्या अंगणासाठी हा उद्योग करूच नये.

या बाटलीत अनेकदा पॅराक्वाट असते. त्याचा एखादा घोट जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. आधी उलट्या होतात, तोंड-घसा सोलवटतो. मग एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो, बोलतो, घरी सोडा म्हणतो. त्याच काळात मूत्रपिंडे निकामी होत असतात आणि फुफ्फुसांत व्रण धरू लागलेले असतात. त्यातली क्रूर गोष्ट म्हणजे धाप लागलेल्या या रुग्णाला प्राणवायू सढळ हाताने देता येत नाही, कारण तोच फुफ्फुसाची हानी वाढवतो. नातेवाइकांना हे समजावून सांगणे सोपे नसते. युरोपीय संघात 2007 पासून पॅराक्वाटवर बंदी आहे; आपल्याकडे ते अजून विकले जाते.

इतका धोका पत्करून कामही होत नाही. पॅराक्वाट हिरवी पाने जाळते, मुळापर्यंत पोचत नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात आणि पुन्हा फुटतात. ग्लायफोसेट मुळापर्यंत जाते. पण 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. काही जण संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओततात. ते सिमेंटच खाते, आणि वर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो. दम्याच्या माणसाला तेवढे पुरते.

त्यापेक्षा खुरपे किंवा जुनी सुरी बरी. आदल्या दिवशी फटी भिजवाव्यात, मग मुळे अख्खी निघतात. बोटाच्या पेराएवढ्या खोलीपर्यंत माती खरवडून काढावी, ताठ ब्रशने झाडावी. चिवट मुळांवर उकळते पाणी चालते, मुले जवळ नसतील तर. आठवडाभर थांबून पुन्हा फुटलेले कोंब काढावेत आणि मगच दरजा भराव्यात. घाई इथेच नडते. हातात रबरी मोजे हवेत: गाजर गवताने अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात आणि ओल्या सिमेंटने कातडी भाजते. गवंड्याला मात्र मोजे द्यायचे कोणालाच सुचत नाही.

घरात अशी बाटली आधीच असेल तर ती मोरीत ओतू नये. जिथून आणली त्यालाच परत करावी. अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे. कोणी प्यायले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, लक्षणांची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे, आणि मूळ डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी. शीतपेयाच्या बाटलीवरून आत काय होते, हे डॉक्टरला कळत नाही.