सत्तर गावं, एक पाकीट



कॉम्प्युटरवरून निघालेला मजकूर सलग जात नाही, त्याची छोटी छोटी पाकिटं होतात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. आज एक कोडं घ्या. आमच्या कोडोलीला लागूनच वारणानगर आहे. तिथे १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं कॉम्प्युटरने जोडायची होती. कुणाच्या उसाचं वजन किती भरलं, हे ज्याचं त्यालाच कळवायचं असतं. तिथे एक पाकीट, एक पत्ता हेच बरोबर. पण समजा, एकच भाषण सत्तरही गावांना एकाच वेळी ऐकवायचं आहे. मग तेच पाकीट एकाच तारेतून सत्तर वेळा ढकलायचं? तार तुंबेल की!

आमच्या शाळांकडे याचं उत्तर फार जुनं आहे. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हा तालुक्याहून परिपत्रक निघायचं, ते केंद्रशाळेत यायचं एकच. तिथे त्याच्या झेरॉक्स निघायच्या आणि मग त्या शाळाशाळांत जायच्या. म्हणजे नक्कल पाठवणाऱ्याने काढायची नाही, जिथे वाट फुटते तिथे काढायची. कॉम्प्युटरच्या जगात याला मल्टिकास्ट म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्टीव्ह डिअरिंग यांनी याचे नियम बसवले. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यासाठी राखून ठेवलेत. असा पत्ता एका घराचा नसतो, गटाचा असतो. शिष्यवृत्तीचं परिपत्रक ज्या शाळांना हवं, त्यांनी केंद्राला आधी ‘आम्हाला हवं’ असं कळवायचं. न मागणाऱ्याच्या दारात कागद टाकायचा नाही.

आता वाट फुटते त्या नाक्यावर बसतो तो राउटर. पण गंमत अशी, की १९९० च्या सुमाराला बाजारातल्या बहुतेक राउटरांना ही विद्या येतच नव्हती. मग संशोधकांनी साधे युनिक्स कॉम्प्युटर नाक्यावर बसवले आणि त्यांच्या कर्नेलमध्ये हे काम घातलं. कर्नेल म्हणजे शेंगेतला दाणा. (सैन्यातला कर्नल नव्हे हं!) आपण पडद्यावर बघतो ती सगळी टरफलं. यंत्राशी खरा व्यवहार करतो तो आतला दाणा. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो शहरातल्या एका सभेतला आवाज या युक्तीने तीन खंडांतल्या वीस ठिकाणी एकदम ऐकू गेला. फक्त वीस, पण सुरुवात झाली.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. केंद्रशाळेत शिपाईमामा आणि केंद्रप्रमुख असतात ना, तसंच इथे. कर्नेल म्हणजे शिपाईमामा. हात भारी चपळ, पण डोकं चालवायचं नाही. हातात एक यादी असते. अमुक गटाचं पाकीट अमुक दारातून आलं, तर अमुक अमुक दारांनी एकेक नक्कल सोडायची. यादी कोण करतं? केंद्रप्रमुख, म्हणजे कर्नेलच्या बाहेर चालणारा एक वेगळा प्रोग्रॅम. तो शेजारच्या राउटरांशी बोलतो, कुणाला काय हवं ते ठरवतो. कर्नेल एका यादीसाठी असा एकच केंद्रप्रमुख मानतो. दुसरा आला तर ‘जागा भरली आहे’ म्हणून परत पाठवतो.

आणि यादीत नसलेल्या गटाचं पाकीट आलं तर? शिपाईमामा ते फेकून देत नाहीत. ते हातात धरून आत विचारायला जातात. लिनक्समध्ये अशी मोजकी पाकिटं सुमारे १० सेकंद थांबवून ठेवतात. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाही तर कचरापेटी. शिवाय परिपत्रक तालुक्याच्या वाटेने न येता भलत्याच दाराने आलं, तर त्याच्या नकला काढायच्याच नाहीत. असं का? विचार करा. दोन केंद्रं एकमेकांना नकला पाठवत बसली तर कागदांचा डोंगर होईल!

लिनक्ससाठी हा भाग ॲलन कॉक्स यांनी १९९५ साली लिहिला. लिनक्स सर्वांसाठी खुलं आहे, त्यामुळे ती फाइल आजही कुणीही उघडून वाचू शकतं. वर त्यांचं नाव आणि सालसुद्धा दिसतं. फुकट मिळतं म्हणून नव्हे, आत डोकावता येतं म्हणून मला हे मोलाचं वाटतं.

एवढी चांगली युक्ती, मग ती सगळीकडे वापरतात का? नाही. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात, टीव्हीचे चॅनल घरोघर पोचवायला ती चालते. पण जगभरच्या मोठ्या इंटरनेटवर नाही. हजारो कंपन्यांच्या नाक्यांनी लाखो गटांच्या याद्या सांभाळायच्या, तर पैसे कोण देणार, आणि कुणीही गटाला काहीही पाठवलं तर आवरणार कोण, हे प्रश्न सुटले नाहीत. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी जागांवर पाहिला जात होता, आणि प्रत्येकाला वेगळी धार! जवळच्या शहरात साठे ठेवून ते निभावतात, पण मला हे थोडं उधळेपणाचंच वाटतं.

आता वही काढा. वारणानगरहून एक तार मुख्य नाक्याला जाते. तिथून सात तारा सात छोट्या नाक्यांना, आणि प्रत्येक छोट्या नाक्यावरून दहा तारा दहा गावांना. एक पाकीट सत्तर गावांत पोचवायला सगळ्या तारांवरून मिळून किती पाकिटं धावतील? मल्टिकास्टने आणि त्याविना, दोन्ही आकडे काढा. दोहोंतला फरक १३२ आला, तर गणित बरोबर. पुढच्या वेळी आकृतीसकट मांडू.